लूपमध्ये की ॲम्पच्या आधी? गिटारच्या टोनमधला सॉनिक एन्हान्सर : पार्श्वभूमी

इलेक्ट्रिक गिटारच्या ॲम्पला सॉनिक एन्हान्सर (आवाजाची धार आणि भरीवपणा वाढवणारं यंत्र) जोडावा की नाही, यावर वादकांमध्ये आजही दोन तट आहेत. एका बाजूचं म्हणणं, आवाजाचं दबलेपण जातं, पिकचा प्रत्येक घाव मोकळा ऐकू येतो. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, हा वेगळ्या नावाने विकलेला ट्रेबल-बेसच आहे. वाद इतका टिकून राहिला याचं कारण जुनं आहे. हे यंत्र मुळात गिटारच्या ॲम्पसाठी बनलंच नव्हतं. या कल्पनेची सुरुवात झाली ती स्टुडिओतल्या टेपच्या दुखण्यावर इलाज म्हणून.

मल्टिट्रॅक टेपवर काम करताना एका टेपवरून दुसरीवर आवाज उतरवला की दर वेळी वरच्या पट्टीतली चमक थोडी कमी व्हायची. साधा ट्रेबल चढवला तर टेपची सळसळही तितकीच चढायची. १९७०च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेत आलेल्या ऑरल एक्साइटरने वेगळी वाट धरली. मूळ आवाज तसाच पुढे जाऊ द्यायचा, त्याची एक शाखा बाजूला काढायची, तिच्यातला खालचा भाग गाळायचा, उरलेल्या भागातून नवे हार्मोनिक्स (मूळ सुराच्या पटीतल्या वरच्या कंपनसंख्या) तयार करायचे आणि ते अगदी थोड्या प्रमाणात मूळ आवाजात मिसळायचे. सुरुवातीला हे यंत्र विकत मिळत नव्हतं. स्टुडिओंना ते भाड्याने दिलं जाई आणि भाडं तयार रेकॉर्डिंगच्या मिनिटांवर मोजलं जाई, मिनिटाला सुमारे ३० डॉलर. त्या काळातल्या काही अल्बमच्या श्रेयनामावलीत यंत्राचाही उल्लेख सापडतो.

गिटारवाले ज्याला ‘एन्हान्सर’ म्हणतात तो बहुतेक वेळा या घराण्यातला नसतो. तो १९८०च्या दशकाच्या मध्यात आलेल्या दुसऱ्या घराण्यातला असतो, म्हणजे ‘बीबीई’ कंपनीचा सॉनिक मॅक्सिमायझर आणि त्याच्या असंख्य नकला. त्याच्यामागची कॅलिफोर्नियातली मंडळी आधी पियानो-व्हायोलिनसारख्या वाद्यांसाठी पिझो पिकअप (वाद्याची कंपनं थेट टिपून विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारे) बनवत. त्यामुळे तारेवर आघात झाल्यावरचे पहिले काही मिलिसेकंद कानाला काय सांगतात, हा त्यांचा जुना विषय होता. त्यांचा दावा असा : स्पीकरच्या कॉइलमुळे वरच्या कंपनसंख्या किंचित उशिरा बाहेर पडतात, त्यामुळे आघात बोथट होतो. म्हणून आवाजाचे तीन पट्टे करायचे. साधारण १५० हर्ट्झखालचा पट्टा सुमारे २.५ मिलिसेकंद मागे ठेवायचा, १५० ते १२०० हर्ट्झचा सुमारे ०.५ मिलिसेकंद, आणि त्यावरचा पट्टा न थांबवता पुढे सोडायचा. या वरच्या पट्ट्याची पातळी एक व्हीसीए (व्होल्टेजने नियंत्रित होणारा ॲम्प्लिफायर) आवाजाच्या चढउतारानुसार कमीजास्त करतो. इथे नवे हार्मोनिक्स तयार होत नाहीत. एक्साइटर आणि हे यंत्र एकाच नावाखाली ढकलून झालेल्या चर्चांमधला निम्मा गोंधळ इथून सुरू होतो.

वादकाच्या हातात दोनच नॉब येतात. ‘लो कंटूर’ ५० हर्ट्झच्या आसपास काम करतो, ‘प्रोसेस’ ५ किलोहर्ट्झच्या आसपास. आता हे आकडे गिटारच्या कॅबिनेटशेजारी (स्पीकरच्या पेटीशेजारी) ठेवून पाहा. बारा इंची गिटार स्पीकरच्या माहितीपत्रकावर ७५ ते ५००० हर्ट्झ अशी मर्यादा छापलेली असते आणि ५०००नंतर त्याचा आवाज झपाट्याने कोसळतो. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये सर्वांत जाड तार ८२.४ हर्ट्झवर वाजते. म्हणजे एका नॉबचं केंद्र गिटारच्या सगळ्यांत खालच्या सुराच्याही खाली, आणि दुसऱ्याचं केंद्र नेमकं त्या कड्यावर जिथे स्पीकर हात टेकतो. कॅबिनेटमधून ऐकू येतो तो या दोन्ही उंचवट्यांचा उतार. खालून १०० हर्ट्झच्या आसपासचा घुमारा, वरून २ ते ५ किलोहर्ट्झमधली धार. हाय-फायच्या स्पीकरवर कर्कश वाटणारा ‘प्रोसेस’ गिटार कॅबिनेटवर सुसह्य वाटतो तो यामुळेच.

ॲम्पला धार आणायची धडपड यापेक्षा बरीच जुनी. १९५०च्या दशकातल्या अमेरिकन ॲम्पवर पॉवर सेक्शनच्या फीडबॅकवर चालणारा प्रेझेन्सचा नॉब आला, १९६०च्या दशकाच्या मध्यात ब्रिटनमध्ये जर्मेनियम ट्रान्झिस्टरचे ट्रेबल बूस्टर आले. पण बूस्टर गिटार आणि ॲम्पच्या मध्ये बसत आणि ॲम्पला वेगळ्या तऱ्हेने फाटायला (डिस्टॉर्ट व्हायला) लावत. फाटून झालेल्या आवाजावर नंतर काम करायचं तर प्रीॲम्प (ॲम्पचा आवाज घडवणारा पहिला भाग) आणि पॉवर ॲम्प (स्पीकर चालवणारा शेवटचा भाग) यांच्या मध्ये शिरायला दार हवं. ते दार, म्हणजे इफेक्ट्स लूप, १९८०च्या सुमारास महागड्या ॲम्पवर आलं आणि दशकभरात सगळीकडे पसरलं. त्याच काळात वादकांमागे रॅक उभे राहिले : प्रीॲम्प, कोरस, डिले, रिव्हर्ब, स्टिरिओ पॉवर ॲम्प. इतक्या खोक्यांतून आणि केबलींतून गेलेला आवाज थोडा मंदावतो, मग शेवटी एक युनिट उंचीचा एन्हान्सर लावला जाई.

खरा वाद इथे सुरू झाला, आणि तो आजही जागेचाच आहे.

एक मत असं की एन्हान्सर गिटारच्या लगेच पुढे, ॲम्पच्या इनपुटआधी लावावा. क्लीन आवाजात हे चालून जातं. गेन (आवाज फाडणारा जोर) वाढवला की मात्र वर उचललेला ५ किलोहर्ट्झचा भाग क्लिपिंगमध्ये (लाटेची टोकं कापली जातात त्या पायरीवर) सगळ्यात आधी चिरडला जातो आणि डिस्टॉर्शनला एक खरखरीत, कोरडी कड येते. खाली वाढवलेला बेस क्लिप झाला की पाम म्यूट (तळहाताने तारा दाबून वाजवलेले सूर) गढूळ होतात. तीन पट्ट्यांतलं ते काळजीपूर्वक साधलेलं वेळेचं अंतरही क्लिपिंगच्या पायरीवर निरर्थक ठरतं, कारण तिथून पुढचे हार्मोनिक्स मिसळलेल्या लाटेपासून नव्याने तयार होतात. ज्याला हीच कड हवी आहे त्याने खुशाल लावावा. पण मग तो ट्रेबल बूस्टरचंच काम करतो, आणि ते काम बूस्टर जास्त चांगलं करतो.

दुसरं मत, आणि माझं झुकतं माप याच बाजूला आहे, ते म्हणजे लूपमध्ये, डिस्टॉर्शननंतर. पण ‘लूपमध्ये लावा’ एवढा सल्ला अर्धवट आहे. लूप सिरीज (सगळा आवाज त्यातूनच जाणारा) आहे की पॅरलल, हे आधी पाहावं लागतं. १९९०च्या दशकात मिक्सचा नॉब असलेले पॅरलल लूप बऱ्याच ॲम्पवर आले. त्यांत ॲम्पचा कोरडा आवाज आणि लूपमधून परतलेला आवाज एकत्र होतात. आता मधल्या पट्ट्याला अर्ध्या मिलिसेकंदाचा उशीर असेल तर १ किलोहर्ट्झच्या लाटेसाठी तो बरोबर अर्धं आवर्तन होतो. दोन्ही आवाज समसमान मिसळले की तिथे ते एकमेकांना खातात, आणि १ किलोहर्ट्झ म्हणजे बँडमध्ये गिटार ऐकू येण्याची मुख्य जागा. खोलीत एकट्याने वाजवताना हा खड्डा ‘स्कूप’सारखा (मुद्दाम मधला पट्टा कमी केलेल्या टोनसारखा) गोड वाटतो, ड्रम आणि बेस सुरू झाले की गिटार नाहीशी होते. ‘एन्हान्सरने माझा टोन खाल्ला’ या तक्रारींमागे मिक्सचा नॉब अर्ध्यावर असणं हे कारण अनेकदा निघतं. पॅरलल लूपमध्ये तो नॉब पूर्ण ‘ओल्या’ (लूपमधून परतलेल्या आवाजाच्या) बाजूला हवा, नाहीतर एन्हान्सर लावूच नये.

दुसरी अडचण पातळीची. रॅकमधली व्यावसायिक यंत्रं +४ डीबीयूच्या लाइन पातळीसाठी (स्टुडिओतल्या जास्त ताकदीच्या सिग्नलसाठी) बनलेली, तर अनेक ॲम्पचे लूप पेडलच्या हिशेबाने खूप खाली चालणारे. कमी पातळीवर यंत्र चालवलं की त्याची स्वतःची सूं-सूं आवाजाच्या जवळ येते, आणि ‘प्रोसेस’ नेमका तोच भाग उचलतो. हाय गेनवर प्रीॲम्पमधून येणारी सळसळही तो तशीच उचलतो, म्हणून नॉइज गेट (वाजवणं थांबलं की आवाज बंद करणारं यंत्र) एन्हान्सरच्या आधी हवा. डिले-रिव्हर्बच्या आधी की नंतर, यावरही दुमत आहे. शेवटी लावला तर रिव्हर्बच्या शेपटीलाही चकाकी चढते आणि आवाज पुढे येण्याऐवजी पसरतो. मी तो डिलेच्या आधी लावण्याच्या बाजूचा आहे.

वेळेच्या दाव्याचं काय? २.५ मिलिसेकंदांत ध्वनी हवेतून साधारण ८६ सेंटिमीटर जातो. म्हणजे खालचा पट्टा हातभर मागे सरकवण्याइतका हा फरक. १९७८ साली जर्मनीतल्या एका अभ्यासात असा उशीर कानाला कधी कळतो हे क्षणिक ध्वनींवर तपासलं गेलं आणि ५०० हर्ट्झ ते ८ किलोहर्ट्झच्या दरम्यान उंबरठा साधारण १ ते ३ मिलिसेकंदांत निघाला. मधल्या पट्ट्याचा अर्धा मिलिसेकंद त्याच्या खाली राहतो. शिवाय हाय गेनचा आवाज आधीच दाबून सपाट झालेला असतो. व्हीसीएला पाठलाग करायला चढउतारच उरत नाहीत आणि तो जवळजवळ स्थिर इक्वलायझर बनतो. क्लीन आवाजात, फिंगरपिकिंगमध्ये, हलक्या क्रंचमध्ये त्याची हालचाल खरोखर ऐकू येते. तेव्हा ‘हा फक्त ईक्यू आहे’ हे विधान मेटलवाल्याच्या ॲम्पवर बरंचसं खरं आणि जॅझवाल्याच्या ॲम्पवर बरंचसं खोटं आहे. दोघं एकमेकांना खोटं पाडत बसतात ते उगाच.

तुलना करण्याची पद्धतही सदोष राहिली. कमी आवाजात कानाला खालची आणि वरची टोकं कमी ऐकू येतात, हे १९३३पासून मोजलं गेलं आहे. एन्हान्सर नेमकी ही दोन टोकं उचलतो. त्यामुळे दुकानात किंवा घरी हळू आवाजात बायपास (एन्हान्सर वगळणारं बटण) बंद-चालू करून पाहिलं की तो प्रत्येक वेळी जिंकतो. तीच सेटिंग स्टेजवर पूर्ण आवाजात टोचायला लागते. पातळी मीटरवर जुळवून आणि वाजवायच्याच आवाजात ऐकून निर्णय घ्यावा, याला पर्याय नाही.

दरम्यान जपानी चिप कंपन्यांनी हे सर्किट परवाना घेऊन एकेका आयसीत (चिपमध्ये) बसवलं आणि ते घराघरांत शिरलं. आपल्याकडे १९९०च्या दशकात आलेल्या काही जपानी म्युझिक सिस्टिमवर ‘बीबीई’ असं बटण होतं, ते हेच. त्याच आयसी वापरून हौशी मंडळींनी पुढे स्वतःची गिटार पेडल बनवली. मूळ कंपनीनेही २०००नंतर ते पेडलच्या आकारात आणलं. ग्रंजच्या लाटेत रॅक अडगळीत गेले होते, त्यामुळे ज्यांनी एन्हान्सर कधी रॅकमध्ये पाहिलाच नाही अशा पिढीच्या हाती तो पायाखालचं यंत्र म्हणून पडला. इतर पेडलांच्या रांगेत ॲम्पच्या इनपुटआधी तो लागू लागला तो या आकारामुळे.

गेल्या काही वर्षांत गणित पुन्हा बदललं आहे. मॉडेलर (ॲम्पची डिजिटल नक्कल करणारं यंत्र), कॅबिनेटचे आयआर (इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे खऱ्या कॅबिनेटच्या आवाजाचा मोजलेला ठसा) आणि फुल-रेंज स्पीकर वापरणाऱ्यांच्या साखळीत ५ किलोहर्ट्झवरचं सगळं ऐकू येतं. तो कडा आता स्पीकरमध्ये नसून आयआरमध्ये असतो. आयआरनंतर एन्हान्सरचा ब्लॉक लावला तर आयआरने मुद्दाम कापलेली, सोड्याच्या फेसासारखी किरकिर तो परत वर काढतो, आणि मग तीच घालवायला ६ किलोहर्ट्झच्या आसपास हाय कट लावावा लागतो. आयआरच्या आधी लावला तर तो जुन्या लूपमधल्यासारखाच वागतो, ‘प्रोसेस’च्या नॉबची खूण घड्याळातल्या नऊच्या दिशेला आणि ‘लो कंटूर’ जवळजवळ बंद ठेवून.