जुन्या स्त्री-मासिकांची मागची पाने

शे-दीडशे वर्षांपूर्वीचे घर समजून घ्यायला जुने स्त्री-मासिक उघडले की नजर आधी लेखांकडे जाते. पण लेख बहुधा घर कसे असावे ते सांगतात. ते प्रत्यक्षात कसे चालत होते याचा माग जाहिराती, शिवण-विणकामाचे नमुने आणि वाचकांची पत्रे यांत लागतो. दुर्दैवाने हीच पाने सर्वांत कमी उरली आहेत.

पत्रांची परंपरा जुनी आहे. लंडनमध्ये १६९३ साली जॉन डंटनने काढलेल्या 'द लेडीज मर्क्युरी'चे चारच अंक निघाले, तरी प्रेम, लग्न, पोशाख यांविषयीच्या प्रश्नांना उत्तरे देणे हेच त्याचे काम होते. १७७० मध्ये सुरू झालेल्या 'द लेडीज मॅगझिन'मधून भरतकामाचा नमुना घडी घालून दिला जाई. बायका तो काढून वापरत. म्हणून आज हाती येणाऱ्या बहुतेक प्रतींत तो नसतो.

एकोणिसाव्या शतकात आणखी एक नुकसान झाले. वर्षाचे अंक एकत्र बांधताना मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने काढून टाकत. संगणकावर दिसणाऱ्या प्रती पुष्कळदा याच बांधीव खंडांच्या आहेत. जाहिरातींना अनेकदा वेगळे पृष्ठक्रमांक असत, त्यामुळे ती गेली तरी मजकुराचे क्रमांक सलग राहतात आणि काही गळले आहे हे कळतही नाही. सुटा, न बांधलेला अंक मिळाला तर तो आधी पाहावा.

जाहिराती असल्या तरी मासिकाचे धोरण माहीत हवे. अमेरिकेतल्या 'लेडीज होम जर्नल'ने १८९२ मध्ये पेटंट औषधांच्या, म्हणजे बाटल्यांतून विकल्या जाणाऱ्या तयार औषधांच्या, जाहिराती घेणे बंद केले. त्यानंतरच्या अंकांत त्या बाटल्या दिसत नाहीत, म्हणजे घरांतून त्या गेल्या असे मुळीच नव्हे.

चित्रांचेही तसेच. फिलाडेल्फियाच्या 'गोडीज लेडीज बुक'ने १८५० मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचे नाताळच्या झाडाभोवतीचे चित्र छापले, पण राणीचा मुकुट आणि तिचा पती अल्बर्ट याच्या मिशा पुसून. ते अमेरिकन कुटुंब वाटावे म्हणून. याच मासिकातली फॅशनची चित्रे बायका हाताने रंगवत, त्यामुळे एकाच चित्राच्या दोन प्रतींत झग्याचा रंग वेगळा निघतो. एका प्रतीवरून 'त्या वर्षी हा रंग चालत होता' असे ठरवू नये.

सॅम्युअल बीटनचे 'इंग्लिशवुमन्स डोमेस्टिक मॅगझिन' १८५२ मध्ये दोन पेन्सला मिळे. १८६० मध्ये किंमत सहा पेन्स झाली आणि पॅरिसच्या पोशाखांची रंगीत चित्रे आली. वाचकवर्ग कुठे सरकत होता ते किंमतच सांगते. १८६० नंतरच्या दशकात त्यात कॉर्सेट (कंबर आवळणारे अंतर्वस्त्र) घट्ट बांधण्यावरची पत्रे गाजली, पण त्यांतली कितपत खरी हा वाद आजही आहे. इतर मासिकांत अनेकदा फक्त उत्तरे छापत; प्रश्न आपणच उत्तरावरून ओळखायचा.

कपड्यांच्या कटिंगचे तक्ते वाचायला सराव लागतो. कागद वाचवण्यासाठी अनेक भाग एकमेकांवर छापलेले असतात: एकाची रेघ सलग, दुसऱ्याची तुटक, तिसऱ्याची ठिपक्यांची. पातळ कागद ठेवून एका वेळी एकच रेघ पूर्ण उतरवावी. बऱ्याच तक्त्यांत शिलाईची माया, म्हणजे शिवणीसाठी कडेला सोडायचे जादा कापड, धरलेली नसते. रेघेवर कापले तर कपडा आखूड आणि तंग होतो. दीड सेंटिमीटर माया बाहेरून वाढवावी.

विणकामात सुयांचे क्रमांक फसवतात. जुन्या ब्रिटिश पद्धतीत क्रमांक मोठा तर सुई बारीक: ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर. अमेरिकन ८ नंबर मात्र ५ मिलिमीटरचा. पाककृतींत पाइंट हे द्रव पदार्थांचे माप असाच घोळ घालते. ब्रिटिश पाइंट ५६८ मिलिलिटर, अमेरिकन ४७३.

युद्धकाळात तर नमुन्यातला एकेक आकडा बोलू लागतो. ब्रिटनमध्ये १ जून १९४१ रोजी कपड्यांचे रेशनिंग अचानक जाहीर झाले. अंक आधीच तयार होत असल्याने त्या सुमाराच्या मासिकांत कूपनांचा उल्लेख नसला तरी नवल नाही. कपडे घेताना पैशांबरोबर कूपने द्यावी लागत; पहिल्या वर्षी माणशी ६६ कूपने होती. लोकरी झग्याला ११ लागत, विणायच्या लोकरीला दोन औंसांमागे एक. स्वेटरच्या नमुन्यावर '८ औंस लोकर' असे दिसले, तर वाचणारी मनात चार कूपने मोजत होती. जुना स्वेटर उसवून नवा विणायच्या सूचना त्या अंकांत का दिल्या जात, हे त्यावरून उमगते.