टिसिंग्टन ट्रेल : आधी चढ, मग उतार
(ॲशबोर्नला आमच्याकडून सायकली भाड्याने घेणाऱ्यांसाठी)

बुकिंगचा फोन आला की एक प्रश्न ठरलेला असतो : "सायकली वर पार्स्ली हेला आणून द्याल का? तिथून ॲशबोर्नपर्यंत सगळा उतार आहे म्हणतात." 'पार्स्ली हे' हे ट्रेलच्या वरच्या टोकाचं जुनं स्टेशन, आणि ॲशबोर्न खालचं टोक. त्यामुळे उतार आहे हे खरं आहे. तरीही आम्ही सायकली खाली ॲशबोर्नलाच, मेपलटन लेनच्या कार पार्कमध्ये देतो. काहींना हा आमचा हट्ट वाटतो, म्हणून कारण एकदा नीट लिहून ठेवतो आहोत.

टिसिंग्टन ट्रेल हा इंग्लंडच्या डर्बीशायरमधला जुन्या रेल्वेचा मार्ग आहे. ॲशबोर्न ते बक्स्टन ही लाइन 1899 साली सुरू झाली आणि गेल्या शतकाच्या साठच्या दशकात बंद पडली. रूळ उचलले गेले आणि 1971 साली हीच पट्टी सायकल, घोडे आणि चालणाऱ्यांसाठी खुली झाली. ॲशबोर्नपासून पार्स्ली हेपर्यंतचं अंतर 13 मैल, म्हणजे 21 किलोमीटर. मोटारी नाहीत, सिग्नल नाहीत. लहान मुलांना घेऊन निर्धास्त जावं असा रस्ता आहे आणि म्हणूनच आम्ही धंद्यासाठी हीच जागा निवडली.

आता मुख्य मुद्दा. ॲशबोर्नपेक्षा 'पार्स्ली हे' सुमारे 200 मीटर उंच आहे. आपण मराठी माणसं चढ म्हटलं की सिंहगडाचा किंवा वरंधा घाटाचा रस्ता डोळ्यांसमोर आणतो. तसा चढ इथे कुठेच दिसत नाही. इंजिनाला जड गाडी ओढता यावी म्हणून रेल्वेवाले चढ लांबवर पसरवतात. खंडाळ्याच्या घाटात 37 मीटरला एक मीटर चढ आहे, तर तिथे गाडीला मागून जादा इंजिन लावावं लागतं. इथला चढ त्याहून सौम्य, पण मैलोन्मैल चालणारा. रस्ता सपाट दिसतो आणि सायकल मात्र जड वाटते. "ब्रेक घासतोय का बघा हो" असे फोन आम्हाला येतात. ब्रेक ठीक असतो, चढ असतो.

वरून निघालेल्या माणसाचं नेमकं काय होतं ते सांगतो. सकाळी पार्स्ली हेहून निघाला की पायडल न मारताही सायकल पळते. तास-दीड तासात ॲशबोर्न येतं. सगळे खुशीत असतात, "आपल्याला जमतं की!" मग आरामात जेवण, गावात जिंजरब्रेड खरेदी (ॲशबोर्नचं जिंजरब्रेड नावाजलेलं आहे, जरूर घ्या), आणि दुपारी दोनला परतीचा रस्ता. तोवर जेवण अंगावर आलेलं, मुलं कंटाळलेली, आणि पुढे 21 किलोमीटर चढ. सकाळच्या दीड तासाला परत येताना तीन तास लागतात, मुलं बरोबर असतील तर चार.

गेल्या उन्हाळ्यात एका कुटुंबाच्या फारच आग्रहावरून आम्ही एकदा सायकली वर दिल्या. संध्याकाळी सहाला फोन आला तेव्हा ते अजून वाटेतल्या ऑल्सप स्टेशनजवळच होते. धाकटी मुलगी रस्त्याच्या कडेला बसून रडत होती आणि नाशिकहून आलेल्या आजोबांच्या पायात गोळे आले होते. आम्ही व्हॅन घेऊन गेलो आणि सगळ्यांना आणलं, त्याचे पैसे घेतले नाहीत. पण त्या आजोबांनी इतक्या हौसेने काढलेला दिवस असा संपायला नको होता. त्या दिवसापासून परतीच्या प्रवासासाठी सायकली वर द्यायच्या नाहीत असं आम्ही ठरवलं.

खालून निघालात तर चढ सकाळी, ताज्या दमात होतो. कुठेही थकलात तरी तोंड फिरवायचं, की सायकल आपणच घरी आणते. इतकी सोपी गोष्ट आहे, आणि म्हणूनच आम्ही ती परत परत सांगतो.

कुठवर जायचं ते मंडळी बघून ठरवा. सात-आठ वर्षांची मुलं किंवा बऱ्याच वर्षांनी सायकलवर बसणारे आई-बाबा बरोबर असतील तर टिसिंग्टन गावापर्यंत जा आणि तिथून मागे फिरा. साधारण चार मैल होतात. गाव दगडी घरांचं, बदकांचं तळं असलेलं, खरोखर देखणं आहे. मे महिन्याच्या आसपास असेन्शनच्या (येशूच्या स्वर्गारोहणाच्या) सणाला तिथल्या विहिरी आणि झरे सजवतात. लाकडी चौकटीत ओली माती थापून तीत फुलांच्या पाकळ्या रोवून चित्रं करतात. आपल्याकडच्या फुलांच्या रांगोळीची आठवण होईल, फक्त इथे ती उभी असते. त्या दिवसांत गर्दी असते, बुकिंग लवकर करा. रोज थोडाफार व्यायाम असलेल्यांनी ऑल्सप किंवा हार्टिंग्टनचं जुनं स्टेशन गाठावं. तिथला सिग्नल बॉक्स अजून उभा आहे. पार्स्ली हेला जाऊन परत म्हणजे 42 किलोमीटर होतात. ते सवय असलेल्यांनीच करावं.

निघाल्यावर थोड्याच अंतरात एक खळगा लागतो. तिथला रेल्वेचा पूल काढून टाकला आहे, त्यामुळे रस्ता एकदम खाली जाऊन पुन्हा वर येतो. तो तेवढाच. घाबरून परत येऊ नका, उतरून सायकल ढकला. परत येताना मात्र तिथे मुलांना आधीच सांगून ठेवा, कारण उताराच्या वेगात तो खळगा अचानक समोर येतो.

फक्त उतारच हवा असेल तर त्यात काहीच वावगं नाही. त्यासाठी आमची सकाळची व्हॅन आहे. गाडी तुम्ही ॲशबोर्नला लावायची, आम्ही तुम्हाला आणि सायकलींना पार्स्ली हेला सोडतो आणि तुम्ही दिवसभर रमतगमत खाली यायचं. परतीचा चढ नाही. व्हॅनमध्ये सहा सायकली बसतात, म्हणून दोन दिवस आधी कळवा. याचे पैसे वेगळे आहेत, कारण त्या फेरीत एक माणूस आणि एक गाडी अर्धा दिवस अडकते. आई-बाबा भारतातून आले असतील तर आम्ही हीच फेरी सुचवतो. दुसरा मार्ग बॅटरीवर चालणाऱ्या सायकलींचा. त्यांचं भाडं जास्त आहे, पण साठीच्या पुढची माणसं त्यावर हार्टिंग्टनपर्यंत हसत जाऊन येताना आम्ही पाहतो.

व्हॅनबद्दल आणखी एक. ट्रेलवर व्हॅन येऊ शकत नाही, फक्त जुन्या स्टेशनांच्या कार पार्कपर्यंत येते : थॉर्प, टिसिंग्टन, ऑल्सप, हार्टिंग्टन, पार्स्ली हे. आणि हार्टिंग्टन स्टेशन म्हणजे हार्टिंग्टन गाव नव्हे! गाव तिथून चांगलं दीड-दोन मैल लांब, खाली आहे. "आम्ही हार्टिंग्टनला आहोत" एवढंच सांगितलंत की आम्ही एकीकडे आणि तुम्ही दुसरीकडे. "स्टेशनवर" की "गावात" तेवढं स्पष्ट सांगा. मधल्या काही भागांत मोबाइलला रेंज मिळत नाही, तेव्हा फोन करायचा तर स्टेशन गाठून करा.

सायकली साडेचारपर्यंत परत हव्यात. जून-जुलैत रात्री नऊपर्यंत उजेड असतो, मग घाई कशाला, असं विचारतात. संध्याकाळी प्रत्येक सायकल धुऊन, चेन पुसून, ब्रेक तपासून दुसऱ्या दिवशीच्या माणसासाठी तयार करावी लागते. ट्रेलचा थर चुनखडीच्या बारीक खडीचा आहे. पावसात तिचा पांढरा चिखल चेनमध्ये जातो आणि एका रात्रीत चेन करकरू लागते. तुम्हाला सकाळी मिळणारी सायकल गुळगुळीत चालते ती या दोन तासांमुळे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात. त्यानंतर आम्ही सायकली तीनलाच परत घेतो, कारण डिसेंबरात चारच्या सुमारास अंधारतं.

स्वतःची रेसिंग सायकल आणणार असाल तर बारीक टायर या खडीवर त्रास देतात. आमच्या सायकलींचे टायर रुंद आहेत आणि प्रत्येकीबरोबर पंप आणि जादा ट्यूब देतो.

मोटारी नसल्या तरी रस्ता मोकळा नसतो. चालणारे, कुत्री, बाबागाड्या असतात. डावीकडून चालवा, मागून जाताना घंटी वाजवा. घोडा दिसला तर मात्र घंटी नको, तो बिचकतो. वेग कमी करून स्वाराला आवाज द्या आणि त्याने खूण केली की लांबून पुढे जा. ओढणी, साडीचा पदर, सैल पायजमा चेनमध्ये अडकतो. बांधायला पट्ट्या आमच्याकडे आहेत, मागून घ्या. वर भरावांवर वारा झोंबतो, तेव्हा ऊन असलं तरी विंडचीटर जवळ ठेवा. डबा खुशाल न्या, स्टेशनांवर बसायला जागा आहेत. कचरा परत आणा.

"बोगद्यांचा रस्ता हाच का?" असंही विचारतात. ॲशबोर्न गावातून ट्रेलवर येताना एक बोगदा लागतो, पण फोटोंत दिसणारे बोगदे मॉन्सल ट्रेलचे. ती बेकवेल गावाजवळची वेगळी लाइन, 1863 सालची, म्हणजे आपल्या खंडाळ्याच्या घाटातून गाडी सुरू झाली त्याच वर्षाची. ती 1968 साली बंद पडली आणि बोगदे 2011 साली सायकलींसाठी उघडले. साडेआठ मैलांत चार मोठे बोगदे, प्रत्येक साधारण 400 मीटरचा, दिवसा आत दिवे असतात. चार किंवा अधिक सायकली घेतल्यात तर आम्ही त्या बेकवेललाही पोहोचवतो. तिथला चढ फारच हलका आहे, पण तो बेकवेलहून वर जाताना लागतो. म्हणून तिथेही सायकली बेकवेललाच देतो.