'एडिटिंगमध्ये बघू' हे आलं कुठून

कॅमकॉर्डरचं चित्र थोडं खराब असलं तर चालेल, नंतर एडिटिंगमध्ये नीट करू, हे आपण आता अगदी सहज बोलून जातो. पण टेपच्या काळात असं कोणी म्हटलं असतं तर लोकांनी वेड्यात काढलं असतं.

१९८३ मध्ये सोनीचा बीटामूव्ही आला, कॅमेरा आणि रेकॉर्डर एकाच डब्यात, पण गंमत म्हणजे त्यात प्लेबॅकच नव्हता, काय शूट झालंय ते बघायला कॅसेट व्हीसीआरमध्ये टाकावी लागायची. मग व्हीएचएस-सी आणि ८ मिमी अशा छोट्या कॅसेटचे कॅमकॉर्डर आले. घरगुती एडिटिंग म्हणजे दोन व्हीसीआर वायरने जोडायचे, एकावर प्ले आणि दुसऱ्यावर रेकॉर्ड. व्हीएचएसला मुळातच जेमतेम २४० लाइनचं डिटेल, त्यात प्रत्येक कॉपीला चित्र अजून मऊ व्हायचं आणि लाल रंग कडेच्या बाहेर सांडायचा. रंग सुधारायचा तर सिग्नल एका वेगळ्या डब्यातून फिरवून परत रेकॉर्ड करायचा, म्हणजे अजून एक कॉपी. औषधानेच आजार वाढायचा, त्यामुळे जे काय करायचं ते शूटिंगलाच.

१९९५ ला डीव्ही, म्हणजे टेपवर डिजिटल व्हिडिओ, आलं आणि हे गणितच उलटलं. सोनीचा व्हीएक्स१०००, तीन सीसीडी (चित्र टिपणाऱ्या सेन्सर चिप), आणि कॉम्प्युटरला जोडायची फायरवायरची केबल, टेपवरचा डेटा जसाच्या तसा कॉम्प्युटरवर, कितीही कॉप्या काढा, कॉपीमुळे काही बिघडत नाही. १९९९ मध्ये फायनल कट प्रो हे एडिटिंग सॉफ्टवेअर आलं आणि घरच्या टेबलावर रंग, ब्राइटनेस सगळं हलवता यायला लागलं. 'नंतर बघू' हे माझ्या मते खरं इथून रुजलं.

पण डीव्ही रंगाची माहिती टेपवर जायच्या आधीच फेकून देतं, चार पिक्सेलमागे रंगाचा नमुना एकच. ग्रीन स्क्रीनसमोर माणूस उभा करून मागचा हिरवा रंग काढून बघा, केसांच्या कडेला जिन्यासारख्या पायऱ्या दिसतात. सीसीडीचा वेगळाच त्रास, रात्रीच्या शॉटमध्ये उघडा बल्ब आला की फ्रेमच्या वरपासून खालपर्यंत उभी पांढरट पट्टी. अशी एक पट्टी मी एकदा फ्रेम बाय फ्रेम पुसत बसलो होतो, नेमकी चेहऱ्यावरून गेलेली, आणि पट्टीखाली गाल रेकॉर्डच झाला नव्हता तर काढणार काय.

सीसीडीच्या जागी सीमॉस सेन्सर आल्यावर ती पट्टी गेली, पण आता वरची ओळ आधी वाचली जाते आणि खालची नंतर, त्यामुळे कॅमेरा झपकन फिरवला की सरळ खांब तिरका होतो. ही तिरकी चाल सॉफ्टवेअर बऱ्यापैकी सरळ करतं, गाडीच्या इंजिनाची थरथर असेल तर मात्र चित्र जेलीसारखं हलतं आणि तिथे हात टेकावे लागतात. २०११ मध्ये आफ्टर इफेक्ट्स या सॉफ्टवेअरमध्ये हलणारं चित्र स्थिर करणारा वार्प स्टॅबिलायझर आला तेव्हा सगळे खूश झाले (मी पण). मग कळलं की फ्रेमच्या कडा कापल्या जातात आणि हादऱ्याने आलेला ब्लर तसाच राहतो, म्हणजे चित्र जागेवर स्थिर पण मधेच धूसर, मधेच स्पष्ट.

मधल्या काळात २००३ ला एचडीव्ही, डीव्हीच्याच छोट्या मिनी डीव्ही टेपवर एचडी, पण फ्रेम एकमेकांवर अवलंबून, म्हणून टेपवर एक धुळीचा कण आला की अर्धा सेकंद गेलाच समजा. २००६ च्या एव्हीसीएचडी या रेकॉर्डिंग फॉरमॅटमध्ये मेमरी कार्ड वापरता आल्याने तो प्रश्न मिटला, पण अंधाऱ्या भागातलं बारीक डिटेल कॉम्प्रेशन गिळून टाकतं, तो भाग उजळवला की चेहऱ्याऐवजी चौकोन वर येतात.

रंगाची झाक चुकली तर ती हमखास दुरुस्त होते असं मी पण धरून चालायचो. पिवळ्या बल्बच्या उजेडात बाहेरचा व्हाइट बॅलन्स (उजेडाप्रमाणे रंग जुळवायची कॅमेऱ्याची सेटिंग) ठेवून शूट केलं की निळा चॅनल, म्हणजे चित्रातली निळ्या रंगाची माहिती, जवळजवळ रिकामा असतो, तो ओढून वर आणला की त्याच्यासोबत सगळा नॉइज (चित्रातले नको ते दाणे) पण वर येतो, आणि रंगाच्या २५६ पायऱ्यांतल्या थोड्याच वापरलेल्या असल्याने भिंतीवर पट्टे पडतात. आता नवीन कॅमेरा हातात आला की मी पहिल्यांदा एका बल्बच्या उजेडात एखादी कोरी भिंतच शूट करून बघतो.