कुंपणपट्टी (हिरवळीची कड)

बागेतील झुडपी कुंपण (हेज) आणि हिरवळ (लॉन) यांच्यामध्ये राखलेली अरुंद मोकळी पट्टी व तिची आखीव कड. ही पट्टी शोभेसाठी असते असा समज आहे. तिचे खरे काम जमिनीखाली चालते.

महाराष्ट्रातील हिरवळीत हरळी व तिच्या सुधारित जाती सर्रास लावतात. गणपतीला वाहायची दूर्वा ती हीच. जमिनीवर रांगणारे धुमारे आणि जमिनीखालची आडवी खोडे अशा दोन्ही वाटांनी ती पसरते. मेंदी, कोयनेल, दुरांटा किंवा कामिनीच्या बुंध्यात ती एकदा शिरली की खुरप्याने निपटून काढणे जवळजवळ अशक्य होते, कारण मागे राहिलेल्या पेराला पुन्हा फूट येते. उलट बाजूने कुंपणाची सावली व मुळे लगतचे गवत विरळ करतात. शिवाय तेथे कापणीयंत्र पोहोचत नाही, म्हणून तो पट्टा नेहमीच झिपरा दिसतो.

यावर उपाय म्हणजे बुंध्यापासून ३० ते ४५ सेंमी. जागा मोकळी सोडणे. खुंट्यांना सुतळी ताणून रेषा धरतात. वळणदार कडेसाठी पाण्याची रबरी नळी जमिनीवर टाकून आकार ठरवतात. रेषेवर धारदार कुदळीने किंवा अर्धचंद्राकृती पात्याच्या अवजाराने १० ते १५ सेंमी. खोल चर घेतात. चराची हिरवळीकडील बाजू सरळ उभी आणि कुंपणाकडील उतरती ठेवतात. उघड्या चरात आलेले धुमारे लगेच दिसतात व छाटता येतात. पावसाळ्यात हे काम वारंवार करावे लागते. चरात पाणी साचू नये म्हणून त्याला एका टोकाकडे उतार हवा.

पक्क्या कडेसाठी विटा वापरतात. जुन्या बंगल्यांच्या व शाळांच्या आवारात तिरप्या पुरलेल्या, गेरू-चुन्याने रंगवलेल्या विटांची करवती कड आजही दिसते. दिसायला ती देखणी, पण तिच्या खाचांत यंत्राचे पाते पोहोचत नाही आणि उरलेले गवत हातानेच कापावे लागते. त्यापेक्षा मातीच्या पातळीत आडव्या बसवलेल्या विटांची रांग सोयीची, कारण यंत्राचे एक चाक तिच्यावरून फिरते. कोकणात हेच काम जांभ्याचे चिरे करतात. काळ्या जमिनीत मात्र उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसात माती फुगते व विटा हलतात. तेथे खाली मुरुमाचा थर लागतो. लव्हाळ्याला यापैकी कोणतीच कड अडवत नाही. त्याच्या गाठी खोलवर असतात आणि विटांच्या सांध्यांतूनही तो वर येतो.

पट्टीइतकीच कुंपणाची छाटणीही महत्त्वाची. वरचा भाग किंचित अरुंद ठेवल्यास खालच्या फांद्यांना ऊन मिळते. तसे न केल्यास कुंपण तळाशी उघडे पडते आणि त्या मोकळ्या जागेत तण माजते. पट्टीवर पालापाचोळ्याचे आच्छादन घालतात, पण ते बुंध्याला भिडवत नाहीत; ओल टिकून साल कुजण्याचा धोका असतो.