साथकाळातील टपालसेवा आणि टपाली मतदान (अमेरिका, २०२०)

घरी आलेल्या मतपत्रिकेवर मत नोंदवून ती सही केलेल्या लिफाफ्यातून निवडणूक कार्यालयाकडे परत पाठवणे, याला टपाली मतदान म्हणतात. अमेरिकेत यादवी युद्धातील सैनिकांनी छावणीतून अशी मते दिली होती. ऑरेगन राज्याने तर १९९८ च्या सार्वमतानंतर सगळे मतदानच टपालावर नेले. पुढे वॉशिंग्टन, कोलोरॅडो, युटा आणि हवाई ही राज्ये त्याच वाटेने गेली. इतरत्र मात्र ही सोय आजारी, वृद्ध आणि परगावी असलेल्यांपुरतीच समजली जाई. करोनाच्या साथीने हे चित्र एका वर्षात बदलले. जनगणना विभागाच्या पाहणीनुसार २०१६ मध्ये २१ टक्के मतदारांनी टपाली मतदान केले होते. २०२० मध्ये हे प्रमाण ४३ टक्क्यांवर गेले.

धोक्याची घंटा विस्कॉन्सिन राज्यात वाजली. ७ एप्रिल २०२० च्या प्राथमिक निवडणुकीसाठी (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानासाठी) मिलवॉकी शहरात केंद्रांवर काम करायला माणसे मिळेनात. एरवी सुमारे १८० केंद्रे असणाऱ्या या शहरात त्या दिवशी फक्त ५ उघडली आणि मास्क लावलेल्या लोकांच्या रांगा तासन्‌तास उभ्या राहिल्या. अनेकांनी टपाली मतपत्रिका मागवल्या होत्या, पण त्या वेळेत पोचल्या नव्हत्या. मतदानाच्या आदल्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ अशा बहुमताने ठरवले, की ७ एप्रिलपर्यंतचा टपालशिक्का असलेल्या मतपत्रिकाच धराव्यात. म्हणजे ज्याच्या हाती मतपत्रिकाच आली नाही, त्याने एक तर संसर्गाचा धोका पत्करावा किंवा मत सोडून द्यावे. त्यातही परत आलेल्या काही लिफाफ्यांवर शिक्का उमटलेलाच नव्हता, तर काहींवर तो वाचता येत नव्हता. टपाली मतदानाविषयीची पुढची सगळी भांडणे गैरव्यवहाराच्या नावाने झाली, पण खरी गाठ होती ती तारखेची.

तारीख पाळायची जबाबदारी टपालखात्याची, आणि हे खाते आधीच अडचणीत होते. १७७५ मध्ये बेंजामिन फ्रँकलिन पहिले पोस्टमास्टर जनरल झाले, तेव्हापासूनची ही सेवा. १९७० च्या कायद्याने ती स्वायत्त झाली आणि दैनंदिन खर्च तिकिटांच्या व सेवांच्या उत्पन्नातून भागवू लागली. २००६ च्या कायद्याने निवृत्त कर्मचाऱ्यांच्या आरोग्यविम्याचा पैसा आगाऊ बाजूला काढण्याची सक्ती केली. वर्षाला सुमारे साडेपाच अब्ज डॉलर्सचा हा बोजा होता. पत्रे कमी होत चालली होती, साथीत पार्सले वाढली, आणि कर्मचारी आजारी पडू लागले. मार्च २०२० च्या मदत कायद्याने खात्याला १० अब्ज डॉलर्सपर्यंतचे कर्ज मिळण्याची तरतूद केली. विमान कंपन्यांना मिळालेल्या मदतीपुढे ही तरतूद हात आखडूनच केलेली दिसते.

जून २०२० मध्ये लुई डीजॉय पोस्टमास्टर जनरल झाले. ते मालवाहतुकीच्या धंद्यातले, आणि अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांच्या पक्षाचे मोठे देणगीदार. खर्च आटोक्यात आणण्यासाठी टपालाच्या जादा फेऱ्या बंद करण्यात आल्या आणि ओव्हरटाइमला लगाम बसला. पत्रांची वर्गवारी करणारी शेकडो यंत्रे काढण्याचे काम सुरू झाले, रस्त्यांवरच्या निळ्या टपालपेट्या उचलल्या जाऊ लागल्या. यंत्रे काढण्यामागचे कारण, पत्रव्यवहार घटला आहे, हे खोटे नव्हते. पण त्यासाठी निवडलेली वेळ संशय वाढवणारी होती. जुलैमध्ये बटवडा रेंगाळला. माजी सैनिकांच्या विभागाकडून रुग्णांना जाणारी बहुतेक औषधे टपालानेच जातात. त्यांच्या तक्रारींनी हा प्रश्न राजकारणापलीकडे नेला.

त्याच महिन्यात खात्याच्या विधी सल्लागाराने ४६ राज्यांना आणि राजधानी वॉशिंग्टनला पत्रे पाठवून कळवले, की तुमच्या मुदती आमच्या वेगाशी जुळत नाहीत. काही राज्ये मतदानाला चार-पाच दिवस उरले असतानाही मतपत्रिकेचा अर्ज स्वीकारत. तेवढ्या वेळात कोरी मतपत्रिका जाणे आणि भरलेली परत येणे कठीण होते. हा इशारा खरे तर प्रामाणिक होता. पण १३ ऑगस्टला ट्रम्प यांनी मुलाखतीत सांगितले, की टपालखात्याचा निधी अडवला तर सार्वत्रिक टपाली मतदान होणार नाही. या विधानानंतर खात्याच्या प्रत्येक कृतीकडे त्याच नजरेने पाहिले गेले. खुद्द ट्रम्प यांनी त्या महिन्यात फ्लोरिडात टपाली मतपत्रिकेनेच मतदान केले होते, ही गोष्ट विरोधकांनी सोडली नाही.

१८ ऑगस्टला डीजॉय यांनी वादग्रस्त बदल नोव्हेंबरमधील अध्यक्षीय निवडणूक होईपर्यंत स्थगित केले. २२ ऑगस्टला प्रतिनिधिगृहाने खात्याला २५ अब्ज डॉलर्स देणारे विधेयक संमत केले, सिनेटने ते हाती घेतले नाही. राज्ये न्यायालयात गेली. सप्टेंबरमध्ये वॉशिंग्टन राज्यातील संघीय न्यायाधीशांनी बदलांना मनाई केली. मतदानाच्या दिवशी तर राजधानीतील न्यायाधीशांनी टपाल केंद्रांत अडकलेल्या मतपत्रिका शोधून काढण्याचा आदेश दिला.

टपालावर भरवसा नसलेल्यांसाठी अनेक राज्यांनी मतपत्रिका थेट टाकायच्या पेट्या ठेवल्या. टेक्सासच्या गव्हर्नरांनी मात्र हाती मतपत्रिका देण्यासाठी प्रत्येक काउंटीत (जिल्ह्यासारख्या विभागात) एकच जागा, असा हुकूम काढला. ह्यूस्टन ज्यात येते त्या हॅरिस काउंटीची लोकसंख्या ४५ लाखांहून जास्त आहे.

शेवटी टपाल पोचले. खात्याच्या निवेदनानुसार मतदारांनी पाठवलेल्या मतपत्रिकांपैकी ९९.८९ टक्के सात दिवसांच्या आत निवडणूक कार्यालयांत गेल्या. त्यासाठी जादा फेऱ्या आणि ओव्हरटाइम पुन्हा सुरू करावे लागले. पेनसिल्व्हेनियात मतदानाच्या दिवसाआधी लिफाफे उघडण्यास कायद्याने मनाई होती, म्हणून मोजणी लांबली आणि निकालाचा अंदाज ७ नोव्हेंबरला जाहीर झाला. मधल्या दिवसांत बदलत गेलेली आघाडी हीच गैरव्यवहाराच्या आरोपांचे भांडवल ठरली. न्यायालयांत ते टिकले नाहीत. आगाऊ विमानिधीची सक्ती एप्रिल २०२२ च्या कायद्याने रद्द झाली.

युरोपात याच काळात दोन टोके दिसली. जर्मनीतील बव्हेरियाने मार्च २०२० मधील स्थानिक निवडणुकीची दुसरी फेरी पूर्णपणे टपालाने घेतली. पोलंडने मे महिन्यातील अध्यक्षीय मतदान टपालखात्यावर सोपवायचे ठरवले, मतपत्रिका छापल्या, आणि अखेर ते मतदान झालेच नाही.

भारतात टपाली मतदान आधीपासून मुख्यतः सैन्यदले आणि निवडणूक कर्मचारी यांच्यापुरते होते. २०२० च्या बिहार विधानसभा निवडणुकीत ८० वर्षांवरील मतदार, दिव्यांग आणि करोनाबाधित यांना ही सोय मिळाली. वयाची अट ६५ पर्यंत खाली आणण्याचा नियम झाला होता, पण आयोगाने तो बिहारमध्ये लागू केला नाही. न्यू जर्सीत राहणाऱ्या, अमेरिकी नागरिकत्व घेतलेल्या मराठी मतदारांना त्या वर्षी मतपत्रिका न मागता घरपोच आली. त्यांच्याच शेजारी राहणाऱ्या भारतीय नागरिकाला मात्र मायदेशात मत द्यायचे असेल, तर स्वतः केंद्रावर यावे लागते. भारतात टपालशिक्क्याची तारीख पाहिली जात नाही; मोजणी सुरू होण्याच्या ठरलेल्या वेळेपर्यंत लिफाफा निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या हाती पडला नाही, तर ते मत मोजले जात नाही.