४.८ मीटरची भरती म्हणजे ४.८ मीटरची लाट नव्हे

जून उजाडला की दरवर्षी तोच मथळा: ‘मुंबईच्या समुद्रात आज ४.८ मीटर उंच लाटा उसळणार’. पाठोपाठ मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर आपटणारं पाणी आणि खाली पट्टी, ‘वादळाचा तडाखा’. त्या दिवशी अरबी समुद्रात बहुतेक वेळा वादळ नसतंच, आणि ४.८ मीटर हा लाटेचा आकडाही नसतो. तो असतो उधाणाच्या भरतीचा. भरतीचं उधाण वेगळं, चक्रीवादळाने किनाऱ्यावर लोटलेलं पाणी वेगळं. ही गल्लत इतकी वर्षं चालली आहे की ती वाचून आता चीड येते.

भरती-ओहोटी मुंबईकराला शिकवायला नको. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे मोठी भरती; अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती. आमच्याकडे मासळी घेऊन येणाऱ्या माहीमच्या मावशी घड्याळही बघत नाहीत. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. ‘आज चवथ हाय, तीनला भरंल,’ म्हणतात आणि पाटी उचलून निघतात.

टायफून, हरिकेन की चक्रीवादळ, या वादात मला रस नाही. वस्तू एकच. वायव्य पॅसिफिकमध्ये टायफून, अटलांटिकमध्ये हरिकेन, आपल्याकडे चक्रीवादळ. समुद्राचं पाणी २६-२७ अंशांच्या वर तापलेलं, वरच्या आणि खालच्या थरातल्या वाऱ्यांत फारसा फरक नाही आणि जागा विषुववृत्तापासून थोडी दूर, एवढं जुळलं की पुढचं काम वाफ करते. ती वर जाऊन गार होते, तिचे थेंब बनतात, थेंब बनताना ती उष्णता सोडते, त्या उष्णतेने हवा आणखी वर उचलली जाते, खाली दाब घटतो आणि भोवतालची हवा गरगरत आत धावते.

आता मुख्य मुद्दा. ४.८ मीटर म्हणजे कुठून ४.८? सागरी नकाशांसाठी एक शून्य पातळी ठरवलेली असते, साधारण सगळ्यांत खोल ओहोटीच्या जवळची. भरतीची उंची तिथून मोजतात. मुंबईत समुद्राची सरासरी पातळीच या शून्यापासून सुमारे अडीच मीटर वर आहे. म्हणजे ४.८ च्या भरतीला पाणी सरासरीपेक्षा सव्वादोन-अडीच मीटर चढतं, तेही ओहोटीपासून हळूहळू, सहा तासांत. बंदराच्या पायऱ्यांवर बसून बघा. शेवाळलेली पायरी बुडते, काही वेळाने वरची कोरडी पायरी ओली होते, मग तिच्यावरची. गर्जना नाही, भिंत नाही. कठड्यावरून उडणारे फवारे पावसाळी वाऱ्याने उठवलेल्या लाटांचे असतात. भरतीने पातळी वर आणलेली असते म्हणून त्या कठडा ओलांडतात, इतकंच.

म्हणून उधाण निरुपद्रवी आहे असं नाही. भरतीला गटारांची समुद्राकडची तोंडं पाण्याखाली जातात आणि त्याच वेळी मुसळधार कोसळला की शहर तुंबतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याला आजही ‘वादळ’ म्हणणारे भेटतात. त्या दिवशी मुंबईवर चक्रीवादळ नव्हतं.

वादळ पाणी आणतं ते निराळ्या रीतीने. मध्यभागी हवेचा दाब घटतो म्हणून समुद्र थोडा फुगतो, एका मिलिबारमागे जेमतेम एक सेंटिमीटर. दाब ५० मिलिबारने उतरला तरी अर्धा मीटरच. खरं काम वाऱ्याचं. तो तासन् तास पाणी किनाऱ्याकडे रेटत राहतो. तळ उथळ असला किंवा खाडी निमुळती असली की त्या पाण्याला मागे फिरायला वाट उरत नाही आणि ते जमिनीवर चढतं. याला सर्रास ‘वादळी लाट’ म्हणतात. मला तो शब्द मुळीच पटत नाही. लाट येते आणि परतते. हे पाणी येतं आणि काही तास उतरत नाही. पुराचं पाणी अडून मागे चढतं त्याला आपण ‘फुग’ म्हणतो, तोच शब्द इथे चपखल बसतो.

ही फुग भरतीच्या वर चढते. कळीचं वाक्य हेच. २ मीटरची फुग ४.८ च्या भरतीवर आली तर पातळी ६.८, तीच अर्ध्या मीटरच्या ओहोटीवर आली तर अडीच, म्हणजे रोजची सरासरी. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ नावाचं चक्रीवादळ आलं तेव्हा हवामान खात्याने मुंबई, ठाणे, रायगडसाठी नेहमीच्या भरतीपेक्षा एक ते दोन मीटर जास्त पाणी चढेल असा इशारा दिला होता. ‘नेहमीच्या भरतीपेक्षा’ हे शब्द गाळून बातमी झाली, ‘दोन मीटरच्या लाटा’. ज्याने ४.८ च्या ‘लाटा’ दरवर्षी पाहिल्यात, तो दोन मीटरला का घाबरेल?

त्या दिवशी मुंबई दोन प्रकारे वाचली. वटपौर्णिमा दोन दिवसांवर होती, उधाण जवळ होतं, पण वादळ दुपारी अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर चढलं तेव्हा सकाळची भरती उतरत होती. शिवाय आपल्या गोलार्धात वादळ घड्याळाच्या उलट दिशेने गरगरतं, म्हणून त्याच्या वाटेच्या उजव्या हाताला वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो आणि डाव्या हाताला जमिनीकडून समुद्राकडे. मुंबई डावीकडे राहिली. श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या मात्र आडव्या झाल्या.

शब्दाने काय होतं ते फिलिपिन्समध्ये दिसलं. नोव्हेंबर २०१३ मध्ये हैयान टायफूनने ६,००० हून अधिक माणसं नेली. टॅक्लोबान शहर उथळ, निमुळत्या उपसागराच्या टोकाशी आहे. तिथे पाणी पाच मीटरच्या वर चढलं. इशारा दिलेला होता, पण त्यातली ‘स्टॉर्म सर्ज’ (म्हणजे हीच फुग) ही संज्ञा अनेकांना कळलीच नाही. वाऱ्यापासून बचाव म्हणून लोक निवाऱ्यांत थांबले आणि काही निवाऱ्यांतच पाणी शिरलं. ‘त्सुनामीसारखं पाणी येईल’ असं सांगितलं असतं तर पळालो असतो, असं बचावलेल्यांपैकी कित्येकांनी नंतर सांगितलं.

बातमी लिहिणाऱ्यांकडे माझं मागणं एवढंच: भरतीचा आकडा आणि वेळ एका ओळीत, वादळाची फुग दुसऱ्या ओळीत, आणि दोन्हींची बेरीज तिसऱ्या. ‘लाटा’ हा शब्द फक्त लाटांसाठी ठेवा.