रँकिंग पाहूनच मुले कॉलेज निवडतात का?

बारावीच्या निकालानंतर सोलापुरात हमखास ऐकू येणारा समज असा की, मुले राष्ट्रीय रँकिंग पाहूनच अभियांत्रिकीचे कॉलेज निवडतात आणि यादीत नाव नसलेले कॉलेज कच्चेच असते. हा समज चुकीचा आहे, आणि त्यापायी चांगल्या मुलांची उगाच घालमेल होते. केंद्र सरकारची एनआयआरएफ यादी, म्हणजे शिक्षणसंस्थांची राष्ट्रीय क्रमवारी, 2016 पासून प्रसिद्ध होते. तिच्यासाठी कॉलेजला स्वतः माहिती भरावी लागते, शिवाय अभियांत्रिकीत 100 पैकी 30 गुण संशोधन व व्यावसायिक कार्याचे असतात. त्यामुळे यादीत नाव नाही म्हणजे कॉलेज कच्चेच, असे होत नाही.

रँकिंगचा परिणाम होतच नाही, असे मात्र नाही. अमेरिकेत 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, क्रमांक एका पायरीने सुधारल्यास अर्ज साधारण एक टक्क्याने वाढतात. यादी वर्णानुक्रमे दिली, की हा परिणाम दिसत नाही.

आपल्याकडे कॅप फेरीचा (राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा) पसंतीक्रम भरताना अक्कलकोट किंवा मोहोळचे पालक गेल्या वर्षीचा कटऑफ (शेवटचा प्रवेश किती गुणांवर झाला ते) समोर ठेवून फी, वसतिगृहाचा खर्च आणि एसटीच्या पासचा हिशेब कागदावर मांडतात. जागावाटप मुख्यतः सीईटी या प्रवेश परीक्षेतील गुणवत्ता, आरक्षण आणि भरलेला पसंतीक्रम यांवर होते. त्यात कॉलेजच्या रँकिंगला कोणतेही स्थान नाही.